आई आणि बाळ, एकाच तारखेला: एका दवाखान्याबद्दल

ज्या दवाखान्याबद्दल लिहिते आहे त्याचं नाव आणि ठिकाण देणार नाही. दिलं तर तिथे बाकावर बसणाऱ्या बायका ओळखू येतील, आणि त्यांच्यातल्या काहींनी घरी अजून सांगितलेलं नाही. तरीही लिहितेय. एचआयव्ही असलेल्या बाईला आणि तिच्या बाळाला मिळणारी सेवा चांगली की वाईट हे ओळखायचं कसं, हे कुणी सांगत नाही. जे वाचायला मिळतं ते ‘गोळ्या वेळेवर घ्या’ इथे संपतं. घेऊ की, पण त्या वेळेवर हातात तर पडायला हव्यात!

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

गरोदरपणातल्या तपासणीत मला एचआयव्ही असल्याचं कळलं. गोळी सुरू झाली, रोज एकच, आणि प्रसूतीच्या आधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजण्याच्या पातळीखाली गेला होता. या भागाबद्दल फार लिहीत नाही, कारण गरोदर बाईकडे सगळेच लक्ष देतात. गळती लागते ती बाळंतपणानंतर. नेहमीच्या पद्धतीत आईची फाईल मोठ्यांच्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधोपचारांच्या) विभागात जाते, बाळ लसीकरणाच्या रांगेत, आणि बाळाची एचआयव्ही चाचणी तिसऱ्याच खोलीत. तीन खिडक्या, तीन तारखा, रात्रीची झोप नाही. त्यात बाईला स्वतःला काहीही होत नसतं. ठणठणीत माणसाला दवाखान्याची तारीख पाळायला लावणं हे आजारी माणसाला बोलावण्यापेक्षा अवघड असतं.

मी हिशेब तपासायचं काम करते, त्यामुळे आकडे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. मलावी देशाने २०११ मध्ये एक धाडसी निर्णय घेतला: सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पेशी) किती आहेत हे बघत न बसता एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला आयुष्यभराचे उपचार. पुढे जगभर तेच धोरण झालं. पण २०१४ मध्ये तिथलाच एक अभ्यास आला. स्वतःच्या आजारामुळे औषध सुरू केलेल्या बायकांच्या तुलनेत, गरोदरपणी या धोरणाखाली सुरू केलेल्या बायका पहिल्या भेटीनंतर परत न येण्याची शक्यता पाच पट होती. मला त्यात नवल वाटलं नाही. सकाळी निदान, दुपारी हातात आयुष्यभराची बाटली, मधे कुणाशी दोन शब्द बोलायलाही वेळ नाही. आमच्या दवाखान्यात गोळी लवकर सुरू करतात, पण समुपदेशक पहिल्याच दिवशी सगळं ओतत नाहीत. त्या दिवशी मला फक्त दोन गोष्टी सांगितल्या: बाळाला वाचवता येतं, आणि पुढच्या वेळी अमुक बाई इथेच भेटेल. बाकीचं हळूहळू.

आता मुख्य गोष्ट. इथे बाळाची लस, बाळाचं वजन, बाळाची औषधं, माझ्या गोळ्या आणि माझा व्हायरल लोड हे सगळं एकाच खोलीत, एकाच दिवशी होतं. दोघांची कार्डं एकमेकांना टाचलेली. मी आले आणि बाळ आलं नाही, किंवा उलट झालं, तर ते लगेच दिसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये अशीच पद्धत रीतसर तपासली गेली. काही आयांना प्रसूतीनंतर नेहमीप्रमाणे मोठ्यांच्या विभागात पाठवलं, काहींना अंगावर पाजणं संपेपर्यंत माता-बाल विभागातच ठेवलं. वर्षभराने उपचारात टिकून असलेल्या आणि विषाणू दबलेल्या आया पहिल्या गटात ५६ टक्के, दुसऱ्या गटात ७७ टक्के. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. औषध तेच, फरक फक्त दाराचा.

पण हुरळून जाऊ नका. मलावीतल्या दुसऱ्या एका अभ्यासात आई-बाळाच्या भेटी एकत्र जोडल्या, वर मोबाइलवर संदेश पाठवायची सोय करून पाहिली, तरी टिकून राहण्याचं प्रमाण म्हणावं तसं वाढलं नाही. म्हणजे खिडकी एक केली आणि खिडकीमागचा माणूस तोच राहिला, तर उपयोग नाही.

इथला माणूस वेगळा आहे. ती ‘अमुक बाई’ स्वतः एचआयव्हीसह जगणारी, मुलं वाढवलेली. अशा मार्गदर्शक आयांची कल्पना केप टाउनमधल्या ‘मदर्स टू मदर्स’ या संस्थेने २००१ पासून रुजवली आणि मग ती बऱ्याच देशांत गेली. आम्ही सगळ्या तिला ताई म्हणतो. डॉक्टरांनी ‘दुधातून धोका अगदी कमी आहे’ म्हटलं की मी मान डोलवायचे आणि घरी जाऊन रडायचे. ताईंनी तेच सांगितलं तेव्हा मी विचारलं, “तुम्ही पाजलंत?” त्या म्हणाल्या, “दीड वर्ष. आणि दात आल्यावर मला चावायचा, त्याचीच जास्त भीती वाटायची.” मग मी पाजायला लागले. मलावीत दवाखान्यातल्या किंवा वस्तीतल्या अशा सोबतिणी दिल्यावर दोन वर्षांनी उपचारात असलेल्या आयांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात राहिलं; नेहमीच्या सेवेत ते ६६ टक्के होतं. हा आकडा वाचायच्या आधीच मी तो मान्य केला असता.

बाळाच्या चाचणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मोठ्यांची नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतातच, त्यामुळे अठरा महिन्यांपर्यंत ती चाचणी बाळाबद्दल खात्रीने काही सांगत नाही. तान्ह्या बाळाला विषाणू थेट शोधणारी चाचणी लागते, पीसीआरसारखी. साधारण चार ते सहा आठवड्यांचं असताना टाचेला टोचून रक्ताचे थेंब घेतात. पुढे नवव्या महिन्यात पुन्हा. शेवटचा निकाल अठराव्या महिन्यात, किंवा पाजणं थांबल्यावर तीन महिन्यांनी, जे नंतर येईल तेव्हा. म्हणजे पहिला निगेटिव्ह कागद हातात आला की सुटलो, असं नाही. पाजणं चालू आहे तोवर आईची गोळी हेच बाळाचं संरक्षण, म्हणून आईचा व्हायरल लोडही बघत राहतात.

कागदावर थेंब वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. निकाल यायला आठवडे जातात, आणि तोवर आईची पुढची तारीख हुकलेली असते. आमच्याकडे यंत्र दवाखान्यातच आहे. रक्त घेतलं, बाळाला पाजलं, बाहेर बसले, आणि आत बोलावून निकाल सांगितला. याला मी वेगळा तारा दिला असता. मोझांबिकमध्ये याचीच तुलना झाली होती: जागेवर चाचणी झालेल्या पॉझिटिव्ह बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांना साठ दिवसांत औषध सुरू झालं, प्रयोगशाळेवर अवलंबून असलेल्यांपैकी फक्त १३ टक्क्यांना. आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत दिवस मोजूनच चालावं लागतं. उपचार न मिळालेली एचआयव्हीची निम्मी बाळं दुसऱ्या वाढदिवसापर्यंत जगत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या अभ्यासात लक्षणांची वाट न पाहता औषध सुरू केलं, तिथे बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले.

माझ्या बाळाला सुरुवातीचे सहा आठवडे रोज नेविरापीनचं, म्हणजे आईकडून एचआयव्ही होऊ नये म्हणून देतात त्या औषधाचं, सिरप होतं. सुई नसलेल्या छोट्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, हे नर्सने माझ्याकडून करून घेतलं, नुसतं सांगितलं नाही. सिरिंजवर मापाच्या जागी रंगीत पट्टी चिकटवून दिली. छोटी गोष्ट आहे, पण रात्री दोन वाजता बारीक आकडे वाचून पाहा. बाकावर शेजारी बसणाऱ्या एका आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं. त्याला डोल्युटेग्रावीर या एचआयव्हीच्या औषधाची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी मिळते, चार आठवडे वय आणि तीन किलो वजन झालं की देता येते, आणि चवीला स्ट्रॉबेरीसारखी. आधी लहानांना लोपिनावीर-रिटोनावीर या जुन्या औषधाचं सिरप देत. कडू, ४२ टक्के अल्कोहोल, आणि साठवायला थंडावा हवा. मूल थुंकायचं, आई रडायची, आणि कार्डावर शेरा पडायचा ‘औषध नीट घेत नाही’. चव हासुद्धा उपचाराचाच भाग आहे, हे औषध बनवणाऱ्यांना कळायला इतकी वर्षं लागावीत?

एकदा बाळाला ताप होता म्हणून तारीख हुकली. दुसऱ्या दिवशी फोन आला. पहिलं वाक्य, “आत्ता बोलता येईल का, शेजारी कुणी आहे?” दुसरं, “बाळ कसं आहे?” का आला नाहीत, हा प्रश्न आलाच नाही. फोन कोणत्या नंबरवर करायचा, दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेलं असतं. मोबाइलवरच्या संदेशात फक्त वार आणि वेळ. आजार नाही, विभागाचं नाव नाही.

आता उणं. या जोडीच्या कार्डांसाठी त्यांनी वेगळ्या रंगाची फाईल ठेवली आहे. हेतू चांगला, पण त्या रंगाचा अर्थ काय हे बाकावरच्या सगळ्यांना आठवडाभरात कळतं. आम्ही फाईल पिशवीत घालून नेतो. वेळ फक्त सकाळची, त्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईची अर्धी रजा जातेच. वडिलांसाठी काही नाही. माझे पती आले तेव्हा त्यांना बसायला सांगितलं, त्यांची चाचणी दुसऱ्या विभागात आणि दुसऱ्या दिवशी.

तारा कापला तो मात्र शेवटच्या टप्प्यासाठी. अठरा महिन्यांचा निकाल निगेटिव्ह आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईंनी बाळाला कडेवर घेऊन फिरवलं, आणि त्याच दिवशी माझ्या हातात बदलीचा कागद ठेवला. पुढच्या महिन्यापासून मोठ्यांचा विभाग. नवीन ठिकाणी माझी फाईल पोहोचली नव्हती, गोळ्या कुणी लिहून द्यायच्या यावर दोन खिडक्यांत चर्चा चालली होती. मी वाद घालून घेतल्या. माझ्यामागे उभी असलेली मुलगी वाद घालेलशी दिसत नव्हती. इतकी सांभाळलेली बाई बाळ मोकळं होताच हातातून सोडायची, हे मला पटलं नाही. बाळ निगेटिव्ह झालं तरी आई आयुष्यभर औषधावरच असते, आणि पुढचं मूलही तिलाच व्हायचं असतं.

सूचनापेटीत लिहून टाकलं आहे: बदलीनंतरच्या पहिल्या भेटीला ताईंनी सोबत यावं, नवीन विभागातल्या माणसाशी नावानिशी ओळख करून द्यावी, आणि ती भेट होईपर्यंत महिनाभराच्या जास्तीच्या गोळ्या हाताशी द्याव्यात. उत्तर आलेलं नाही. आलं तर इथेच खाली जोडेन, आणि तसं वागले तर ताराही.