सात महिने लर्नर इन्शुरन्सवर गाडी शिकले, त्याचा अनुभव (मिल्टन कीन्स)

पुण्यात माझ्याकडे फोर व्हीलरचं लायसन्स होतं. होतं म्हणजे पर्समध्ये होतं. कोथरूडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीवर पंधरा दिवस फिरले, आरटीओच्या ट्रॅकवर एक चक्कर मारली, आणि त्यानंतर आयुष्यभर ॲक्टिव्हा. २०२१ च्या जानेवारीत आम्ही इकडे इंग्लंडला आलो. भारतीय लायसन्सवर इथे रहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, ते १२ महिने मी बस स्टॉपवर उभं राहून घालवले. नंतर ते लायसन्स इथल्यासाठी संपलं, आणि काही देशांची लायसन्स इथे नुसती बदलून मिळतात तशी भारताची मिळत नाहीत, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावंच लागतं. मग ३४ पौंड भरून ऑनलाइन प्रोव्हिजनल, म्हणजे इथलं लर्निंग लायसन्स काढलं आणि ते पण दीड वर्ष ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

गाडी आली २०२४ च्या ऑक्टोबरात, म्हणजे माझ्या हातात आली, आणि तिथूनच हा इन्शुरन्सचा विषय सुरू झाला. इन्स्ट्रक्टरच्या गाडीत बसलात तर काही बघायचं नाही, त्याचा इन्शुरन्स असतो. पण एका तासाचे ३८ पौंड. आणि टेस्ट घेणारं खातं म्हणतं की लोक सरासरी ४५ तासांचे लेसन्स घेतात आणि वर २२ तास घरच्या गाडीवर प्रॅक्टिस करतात. ४५ गुणिले ३८ करून नवरा बराच वेळ गप्प बसला होता. मग म्हणाला, घरची प्रॅक्टिस वाढवू.

आता भारतातून आलेल्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो, माझाही झाला. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो. पॉलिसीत लिहिलेलंच असतं की वैध लायसन्सवाला कोणीही चालवू शकतो, अगदी लर्निंगवाला पण, शेजारी शिकवणारा असेल आणि एल लावला असेल तर. बाबांची गाडी काका चालवतात, मामेभाऊ चालवतो, कोणी विचारत नाही. इथे इन्शुरन्स माणसाचा. नवऱ्याच्या पॉलिसीत माझं नाव नाही म्हणजे त्या गाडीच्या स्टिअरिंगला मी रस्त्यावर हात लावला तर मी विनाइन्शुरन्स. नुसतं पकडलं तरी ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट, कोर्टात गेलं तर दंडाला मर्यादाच नाही, आणि गाडी उचलून नेतात ते वेगळं. प्रोव्हिजनलवर मिळालेले पॉइंट पास झाल्यावर पुसले पण जात नाहीत, पुढे येतात, आणि नवीन ड्रायव्हरचे पहिल्या २ वर्षांत ६ झाले की लायसन्स रद्द, परत शून्यापासून. त्यामुळे "जरा कॉलनीत एक राऊंड मारून बघते" हा प्रकार इथे नाही म्हणजे नाही.

दोन रस्ते होते. एक, नवऱ्याच्या वार्षिक पॉलिसीत माझं नाव घालायचं. कोट मागवला तर उरलेल्या वर्षाचे तीनशेच्या वर पौंड, आणि मी कुठे ठोकलं तर क्लेम त्याच्या पॉलिसीवर, त्याचा नो क्लेम बोनस धोक्यात. दुसरा, माझ्या नावाची वेगळी, थोड्या दिवसांची लर्नर पॉलिसी, त्याच्या पॉलिसीच्या बाजूला. ही तासांवर मिळते, दिवसांवर मिळते, आठवड्यांवर मिळते. क्लेम झालाच तर या वेगळ्या पॉलिसीवर, त्याच्या बोनसला धक्का नाही. नवऱ्याने एवढं एकच वाक्य वाचलं आणि कार्ड काढून दिलं.

सात महिन्यांत मी दोन कंपन्यांच्या पॉलिसी वापरल्या. नावं घेत नाही, कारण त्रास झाला तो दोन्हीकडे सारखाच होता आणि फायदा पण सारखाच.

घ्यायला खरंच सोपं आहे. गाडीचा नंबर टाका, लायसन्स नंबर टाका, कोण शेजारी बसणार ते सांगा, पैसे भरा, दहा मिनिटांत पीडीएफ. माझं एकच अडलं, नाव. आपलं ते मधलं नाव! प्रोव्हिजनलवर मी नवऱ्याचं नाव मधे घातलंय, बँक कार्डावर नाहीये, आणि फॉर्ममध्ये मी नेहमीच्या सवयीने नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं तर साइट म्हणते लायसन्स जुळत नाही. कारण इथल्या लायसन्स नंबरातच सगळं गुंफलेलं असतं, आडनावाची पहिली पाच अक्षरं, जन्मतारीख, मग दोन आद्याक्षरं. आमचं आडनाव इंग्रजीत चारच अक्षरांचं तर पाचव्या जागी ९ टाकलाय, आणि बाईचा नंबर असेल तर महिन्याच्या पहिल्या आकड्यात ५ मिळवतात, म्हणजे ऑक्टोबर असेल तर १० चा ६० होतो. मला आधी वाटलं डीव्हीएलएने, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याने, माझी जन्मतारीखच चुकवली. तर लायसन्सवर आहे तसंच्या तसं नाव लिहा, एवढंच.

पहिली पॉलिसी २८ दिवसांची घेतली, ८० पौंडांच्या आसपास. इथे मी चुकले ते सांगते. मला वाटलं २८ दिवस म्हणजे रोज संध्याकाळी तासभर. पण नोव्हेंबर होता. चार वाजता अंधार, पाऊस, नवऱ्याला साडेसहापर्यंत मीटिंगा, पोराला सर्दी. २८ दिवसांत मी नऊ वेळा बसले. नऊ. म्हणजे एका वेळेचे नऊ पौंड पडले. तरी तासांची पॉलिसी घेतली असती तर दोन तासांचे बारा पडत होते, म्हणजे तोटा झाला असं नाही, पण हे घड्याळ चालू असतं हे मनात फार बसतं. रविवारी बाहेर धो धो आणि आपण नवऱ्याला म्हणतोय, चल ना, पैसे चाललेत.

आणि घड्याळ म्हणजे अक्षरशः घड्याळ. पॉलिसी मी दुपारी चार सदतीसला घेतली होती. ती अठ्ठाविसाव्या दिवशी रात्री बारापर्यंत आहे असं मी धरून चालले होते. ती चार सदतीसलाच संपते! आम्ही टेस्कोत, पाच वाजून गेलेले, भाज्या गाडीत ठेवल्या, मी ड्रायव्हर सीटवर बसून आरसा लावतेय आणि फोनवर ईमेल, तुमचं कव्हर संपलं आहे. मुकाट्याने उतरले, जागा बदलली. पुढच्या वेळेपासून पॉलिसी सकाळी सुरू होईल अशी वेळ टाकून घेतली, म्हणजे संपतानाही निदान दिवसाच्या सुरुवातीलाच संपते आणि संध्याकाळी भलत्या ठिकाणी अडकायला होत नाही.

डिसेंबरात भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो, चार आठवडे. या प्रकाराचा सगळ्यात मोठा फायदा तेव्हा कळला, काहीच चालू नव्हतं त्यामुळे काहीच वाया गेलं नाही. जानेवारीत शनिवार-रविवार तासांच्या पॉलिसी घेतल्या. फेब्रुवारीपासून दिवस मोठा झाला तेव्हा परत २८ दिवस, त्यात सतरा वेळा बसले, तिथे मात्र पैसे पुरेपूर वसूल.

शेजारी कोण बसतं याचा नियम नीट वाचा. कायद्याने तो माणूस २१ च्या वरचा हवा आणि त्याच्याकडे ३ वर्षं जुनं पूर्ण लायसन्स हवं, इथलं किंवा युरोपातलं. भारतातली वर्षं धरत नाहीत. नवरा २०२१ च्या सप्टेंबरात पास झाला म्हणून आमची सुरुवात २०२४ च्या ऑक्टोबरात, त्याआधी तो पुण्यात बारा वर्षं चालवत होता त्याचं इथे मोल शून्य. माझ्या पॉलिसीत वर आणखी अट होती की शेजारचा २५ च्या वरचा पाहिजे. नवरा आठवडाभर ऑफिसच्या कामाला बाहेर गेला तेव्हा मंडळातली एक मैत्रीण म्हणाली मी बसते गं, मी मस्त चालवते, आणि ती खरंच मस्त चालवते, पण इथली टेस्ट पास होऊन तिला दोनच वर्षं झालीत. नाही म्हणावं लागलं. बरं तिच्या गाडीवर जाऊ म्हटलं तर पॉलिसी एका ठरावीक गाडीचीच. मी, ही गाडी, ही वेळ, तिन्ही जुळलं तरच.

आणि शेजारच्याला हातात फोन घेता येत नाही, कायद्याच्या नजरेत तो पण ड्रायव्हिंग करत असल्यासारखाच. दारूची मर्यादा पण त्याला लागू. हे वाक्य मी नवऱ्याला सरकारी साइटवरून मोठ्याने वाचून दाखवलं. व्हॉट्सॲप बंद झालं हा लग्नाच्या चौदा वर्षांतला माझा मोठा विजय.

मिल्टन कीन्स ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे राऊंडअबाउटांचं, म्हणजे गोल चौकांचं गाव आहे. आडवे रस्ते एच, उभे रस्ते व्ही, आणि जिथे दोन भेटतात तिथे बहुतेक करून राऊंडअबाउट. घरापासून शाळेपर्यंत मला सहा लागतात. पहिल्या महिन्यात मी एच ६ चाइल्ड्स वे वर एका राऊंडअबाउटला तीन चकरा मारल्या कारण बाहेर पडायची लेनच मिळेना, नवरा म्हणाला प्रदक्षिणा पुरे, आता नमस्कार कर आणि निघ. पण या बाबतीत घरच्या प्रॅक्टिसला तोड नाही. इन्स्ट्रक्टरबरोबर आठवड्यातून एक तास, आणि घरच्या गाडीवर तेच राऊंडअबाउट दहा वेळा, संध्याकाळच्या गर्दीत, कुत्र्याला घेऊन चाललेल्या आजोबांसकट. मोटरवेवर मात्र घरच्या माणसाबरोबर जाता येत नाही. २०१८ च्या जूनपासून लर्नरला मोटरवेची परवानगी आहे पण ती मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टर आणि दुहेरी कंट्रोलच्या गाडीतच. आमच्याकडे जंक्शन १४ च्या आसपास लेन चुकली तर थेट एम १ वर, त्या बाजूला नवऱ्याने मला एप्रिलपर्यंत फिरकूच दिलं नाही. ए ५ चालतो, तो मोटरवे नाही, पण तिथे ताशी ७० मैलांच्या स्पीडला आमची मागची एल प्लेट उडाली. चुंबकाची होती, मी घाईत धुळीवरच चिकटवली होती. ती आरशात उडताना बघितली आणि दोघंही एकदम ओरडलो. एल प्लेटशिवाय चालवणं म्हणजे पुन्हा पॉइंट, म्हणून पुढच्या ले बायला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्याला, थांबून परत जागा बदलली. आता एक जादा जोडी डिकीत असते. काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, त्यावर चुंबक चिकटत नाही, आधी बघून घ्या.

मार्चमध्ये मी रिव्हर्स घेताना आमच्याच विटांच्या कुंपणाला घासली. बंपर फाटला. इथे खरी गोष्ट कळली, एक्सेस. माझ्या पॉलिसीचा एक्सेस ५०० पौंड होता, म्हणजे क्लेम केला तर पहिले ५०० आपले. गॅरेजवाल्याने २८० सांगितले. मग क्लेम कसला करताय, खिशातूनच दिले. आणि नो क्लेम वाचला म्हणून नवरा खूश झाला तर नंतर कळलं की क्लेम केला नसला तरी पुढे कुठल्याही इन्शुरन्सच्या फॉर्ममध्ये "गेल्या ५ वर्षांत अपघात" विचारतात तिथे हे लिहावं लागतं, माझं नाव असेल त्या प्रत्येक फॉर्ममध्ये. म्हणजे बोनस वाचतो हे खरं, पण सगळं पुसलं जातं असं समजू नका. विकताना ही अर्धी गोष्ट मोठ्या अक्षरात सांगतात आणि उरलेली अर्धी सांगतच नाहीत. एक्सेस किती ते पैसे भरायच्या आधी बघा, मी नंतर बघितला.

आणखी एक, वार्षिक पॉलिसीला १४ दिवसांत रद्द करून पैसे परत घ्यायची सोय असते, ती महिन्यापेक्षा लहान पॉलिसीला नसते. घेतली ती घेतली.

टेस्ट. पहिली मार्चच्या शेवटी ब्लेचलीला, इन्स्ट्रक्टरच्या गाडीत, नापास. राऊंडअबाउटला समोरच्याला ब्रेक मारायला लावला, एक सिरीयस, संपलं. १५ पर्यंत लहान चुका चालतात, सिरीयस एक पण नाही. दुसरी मेमध्ये आमच्या स्वतःच्या गाडीतून दिली, इन्स्ट्रक्टर टेस्टच्या दिवसाचे जे पैसे मागत होता त्यापेक्षा हे स्वस्त पडलं. स्वतःची गाडी नेणार असाल तर परीक्षकासाठी आत एक जादा आरसा लावावा लागतो, सक्शन कपचा पाच पौंडांत मिळतो, आणि पॉलिसीत टेस्टचं कव्हर आहे का ते बघायचं. माझ्या दोन्हींमध्ये होतं. पण गंमत अशी की परीक्षक "तुम्ही पास झालात" म्हणाला त्या क्षणाला माझी लर्नर पॉलिसी संपली. कारण मी आता लर्नर नाही! टेस्ट देताना चालवू शकत होते, पास होऊन दोन मिनिटांनी नाही, शेजारी नवरा बसला तरी नाही. तो वेटिंग रूममधून धावत आला, मी त्याच्या हातात किल्ली दिली आणि घरी पॅसेंजर सीटवर बसून आले, हातात पास सर्टिफिकेट.

त्याच रात्री नवऱ्याच्या पॉलिसीत माझं नाव घातलं, ते दुसऱ्या दिवसापासून सुरू. फॉर्मवर विटांचं कुंपण लिहिलं. लर्नर पॉलिसीचे ११ दिवस उरले होते म्हणून चॅटवर रिफंड मागून बघितला. समोरच्याने आधी अभिनंदन केलं, तीन कॉन्फेटीच्या इमोजी पाठवल्या, आणि मग सांगितलं की नाही मिळणार.