रुबोंडोतले सिंह

आधी आकडा सांगून टाकतो, नाहीतर पुढे हिंमत होणार नाही. २७,७०,००० टांझानियन शिलिंग. रुपये नव्हेत, मान्य. पण हसू नका, आमचं तीन महिन्यांचं घरभाडं गेलं.

आई-बाबा दार एस सलामला आमच्याकडे आले होते. बाबांची पाठ जीपच्या धक्क्यांत टिकणार नाही म्हणून सेरेंगेटी बाद केलं आणि व्हिक्टोरिया सरोवरातलं रुबोंडो बेट ठरवलं. गाड्यांची गर्दी नाही, बोटीतून पक्षी बघायचे, खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसायचं. शिवाय बाबांना चिंपांझी बघायचे होते. १९६६ ते १९६९ या काळात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतून आणून इथे सोडलेले चिंपांझी आणि त्यांची पुढे पूर्ण रानटी झालेली प्रजा, ही गोष्ट मीच त्यांना फोनवर रंगवून सांगितली होती. म्हणजे वाचन करून निघालो होतो. मूर्ख म्हणा, अडाणी म्हणू नका.

एजंटचा नंबर ओळखीतूनच आला. गोड माणूस. पहिल्याच फोनवर बाबांना 'शिकामू' म्हणाला. इथे वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. बाबा तिथेच विरघळले. खोटं कशाला बोलू, मीही. १७,५०,००० शिलिंग आगाऊ दिले.

मग कार्यक्रमपत्रिका आली. दुसरा दिवस: पहाटे सिंहदर्शन, दुपारी सरोवरात पोहणे.

अहो, रुबोंडोवर सिंह नाहीतच! मोठे शिकारी प्राणी नाहीत, म्हणून तर हत्ती, जिराफ, चिंपांझी बाहेरून आणून तिथे वसवता आले. आणि त्या पाण्यात मगरी आणि पाणघोडे. मला हे माहीत होतं. मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, "सॉरी बॉस, सेरेंगेटीच्या पॅकेजमधून कॉपी झालं." आणि मी, दिवसभर ऑफिसात जुन्या फायलींवर नवी तारीख टाकून पाठवणारा मी, म्हणालो, होतं असं. रात्री दोन-दोन वाजता उठून मी अजून त्या एका ओळीशी भांडतो. ज्या बेटाचे पैसे घेतोय तिथे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने तिथे बुकिंग केलंच कशाला असेल?

पुढचं तर त्याहून लाजिरवाणं. उद्यानाच्या परवान्यांसाठी त्याने आणखी ६,२०,००० मागितले, आणि तेही एका मोबाईल मनी नंबरवर. तीन वर्षं या देशात राहतोय. साधा ट्रॅफिकचा दंड झाला तरी सरकारी कंट्रोल नंबर मिळतो आणि पैसे त्यावरच भरायचे असतात. उद्यानाचंही तसंच. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव दिसतं. ते एका बाईचं होतं. "आमची अकाउंटंट," तो म्हणाला. टाकला पिन. (ते नाव एवढ्यासाठीच दाखवतात. वाचा!) निघायच्या आदल्या रात्री डिझेल महागलं म्हणून बोटीचे ४,००,०००. तेही दिले. आई-बाबांच्या बॅगा भरून झाल्या होत्या, तिकिटं काढलेली होती. तुम्ही काय केलं असतं?

म्वान्झापर्यंत विमान, पुढे गेइटामार्गे टॅक्सीने कासेंडाच्या धक्क्यावर. आमच्या नावाने काहीही नव्हतं. एजंटचा फोन बंद. तिथल्या रेंजरला मी पत्रिका दाखवली, तर तो आधी हसला, "हाकुना सिंबा!", सिंह नाहीत, आणि मग बाबांकडे बघून गप्प झाला. दहा मिनिटांत त्याने कंट्रोल नंबर काढून दिला. दहा मिनिटांत! आम्ही पुन्हा पैसे भरले, एक रात्र राहिलो. दलदलीच्या कडेला सिटाटुंगा हरीण दिसलं, मत्स्यगरुड ओरडत होते. चिंपांझी नाहीत.

खरा वैताग नंतर. सरोवराकाठच्या पोलिसांनी विचारलं, पैसे कुठून पाठवलेत? दारहून. मग तक्रार दारला. दारचे म्हणाले, फसवणूक कळली कुठे? सरोवरावर. मग तिथे. तिसऱ्या खेपेला एकाने आरबी नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, दिला, तर मोबाईल कंपनी म्हणे पोलिसांचं पत्र आणा, आणि पोलिस म्हणे आधी कंपनीकडून शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. पर्यटन परवाना तपासणाऱ्या खात्यात गेलो. एजंटने पाठवलेला परवाना खरा निघाला, पण दुसऱ्याच कंपनीचा. "मग आमच्याकडे कसली तक्रार?" प्रत्येक टेबलावर 'पोले साना', फार वाईट वाटलं, आणि 'केशो', उद्या या. सहानुभूतीचं स्टेटमेंट मिळालं असतं तर फाईल कधीच पूर्ण झाली असती. एका साहेबांनी तर मला विचारलं, शिकलेले दिसता, सिंहांचं लक्षात नाही आलं?

परवाना आला की त्यावरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळतं का बघा. उद्यानाचे पैसे कंट्रोल नंबरशिवाय कुणी मागितले की तिथेच फोन ठेवा, मग तो तुमच्या आजोबांना शिकामू म्हणो. आणि बेटावर जायच्या आधी तिथे काय नाही तेही वाचा.

बाबांना खरा आकडा सांगितलेला नाही. त्यांना वाटतंय ४,००,००० गेले. त्याबद्दलच ते रोज जेवताना हळहळतात.