पहिली बाजू स्वच्छ, दुसरी झिजलेली : क्वीनची एक जुनी तबकडी

बेळगावच्या खडेबाजारातल्या एका बोळात रेडिओ आणि टेप दुरुस्त करून देणारे छोटे दुकान आहे, आणि तिथे कोपऱ्यातल्या खोक्यात जुन्या एलपी उभ्या रचून ठेवलेल्या असतात. नाट्यसंगीत आणि कन्नड भक्तिगीते यांच्या मधोमध मला गेल्या महिन्यात क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची १९७५ सालची 'ए नाइट अ‍ॅट द ऑपेरा' सापडली. "घेऊन बघा की ओ, पहिली बाजू एकदम स्वच्छ आहे," एवढेच दुकानदार म्हणाले. दुसऱ्या बाजूबद्दल ते का बोलले नाहीत, हे घरी आल्यावर कळले.

आधी कव्हरविषयी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मधोमध बँडचे रंगीत बोधचिन्ह आहे : दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स. चौघा वादकांच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या राशी त्यात गुंफल्या आहेत. दोघे सिंहेचे, एक कर्केचा आणि पऱ्या कन्येच्या, म्हणजे खुद्द गायकाच्या. हे चिन्ह रेखाटले ते मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी याने. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात तो ग्राफिक डिझाइन शिकला होता. रंगमंचावरचा त्याचा डौल जगाने पाहिला, पण माझ्या मते त्याच्यातला आखणी करणारा कारागीर या तबकडीवर जितका भेटतो तितका इतरत्र क्वचितच भेटतो.

त्याचे मूळ नाव फारुख बलसारा; जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारमधल्या पारशी कुटुंबातला. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवले गेले. तिथेच तो पियानो शिकला आणि 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. आमच्या शाळेची सहल पाचगणीला गेली होती तेव्हा आम्ही टेबल लँडवर घोड्यावर बसलो आणि स्ट्रॉबेरी खाऊन परतलो. हे कोणी सांगितले नव्हते. १९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीमुळे कुटुंब इंग्लंडला गेले, १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासह क्वीन उभे राहिले, पुढच्या वर्षी जॉन डीकन आला, आणि बलसाराचा मर्क्युरी झाला. नाव बदलले की माणूस बदलतो का, हा प्रश्न २०१४ मध्ये सरकारी कागदावर बेळगावी झालेल्या आम्हा बेळगावकरांना निराळ्या कारणाने परिचयाचा आहे.

पहिल्या बाजूवर जेमतेम मिनिटभराचे एक खट्याळ गाणे आहे. त्यासाठी गायकाचा आवाज हेडफोनमधून पत्र्याच्या बादलीत सोडून पुन्हा मायक्रोफोनने टिपला आहे, त्यामुळे तो कर्ण्याच्या ग्रामोफोनमधून आल्यासारखा वाटतो. याच बाजूच्या शेवटच्या गाण्यात तो आणि टेलर फुंकवाद्यांचा अख्खा ताफा केवळ तोंडाने उभा करतात, आणि वाद्ये खरी नाहीत हे कळायला मला दोनदा ऐकावे लागले. मधली एक-दोन गाणी मात्र आज साधारण वाटतात.

खरा ऐवज दुसऱ्या बाजूला आहे. 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये तो स्वर इतका हलका लावतो की बैठकीत विलंबितात स्वर ठेवणाऱ्या गवयाची आठवण व्हावी. त्यानंतर एका गाण्याने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' येते, ५ मिनिटे ५५ सेकंदांची. मधल्या ऑपेराच्या भागातला जनसमुदाय म्हणजे प्रत्यक्षात तीनच गळे आहेत : खर्जात मे, मध्ये मर्क्युरी, वर टेलर. चोवीस ट्रॅकच्या, म्हणजे चोवीस ध्वनी वेगवेगळे टिपता येणाऱ्या टेपवर त्यांनी दिवसाला दहा-बारा तास गाऊन सुमारे १८० थर चढवले, आणि टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून तिच्यातून आरपार दिसू लागले. एवढे मोठे गाणे रेडिओवर चालणार नाही असे म्हणणारे होते. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पुढच्या सोळा वर्षांत लंडनच्या वेम्ब्लीतला १९८५ चा 'लाइव्ह एड' हा मदतनिधीसाठीचा संगीत कार्यक्रम झाला, माँसेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबरची तबकडी झाली आणि आजारपणातही त्याने ध्वनिमुद्रण सोडले नाही. एड्स झाल्याचे २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला.

आता तक्रार. माझ्या प्रतीवर पहिली बाजू खरोखरच स्वच्छ आहे, पण दुसरीवर 'ऱ्हॅप्सडी'च्या सुरुवातीलाच दाट ओरखडे आहेत, कारण आधीच्या मालकाने नेमकी तिथेच सुई पुनःपुन्हा टेकवलेली दिसते. त्यामुळे पहिले अर्धे मिनिट खरखरीत जाते. दुकानदारांना हे सांगितल्यावर त्यांनी चौदाशेतले दोनशे रुपये परत दिले, आणि "त्या जागीच सगळ्यांच्या घासलेल्या असतात ओ," असे म्हणून पुन्हा कुणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडायला घेतला.