पेपर कुठे पाठवावा: सहा दिवसांत की चौदा महिन्यांत?

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 'केअर' यादी, म्हणजे मान्य संशोधन-नियतकालिकांची यादी, बंद केली आणि आमच्या स्टाफरूममधला प्रश्न बदलला. पूर्वी एकमेकांना म्हणायचे, 'यादीत आहे का बघा हो.' आता विचारतात, 'सर, तुम्ही पेपर कुठे लावला होता?' गेल्या महिन्यात शेजारच्या विभागातल्या मॅडम हेच विचारत आल्या. प्लेसमेंट, म्हणजे प्राध्यापकाची वरच्या श्रेणीतली बढती, तोंडावर, संशोधनाचा पेपर तयार आणि समोर दोन वाटा: फी घेऊन आठवड्याभरात छापणारं नियतकालिक, नाहीतर पैसा न घेता वर्षभर ताटकळत ठेवणारं एका जुन्या संस्थेचं नियतकालिक. मी दोन्हीकडे एकेक पेपर छापलाय. म्हणजे नमुना दोनचा. संख्याशास्त्राच्या सरांनी हसू नये.

आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर वगैरे इथे उगाळत नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक, म्हणजे गाडीची नंबरप्लेट. चालकाकडे लायसन्स आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही, एवढं आता सगळ्यांना ठाऊक आहे. फी घेतली म्हणून नियतकालिक बोगस, असंही नाही. वाचकाला फुकट वाचता यावं म्हणून लेखकाकडून पैसे घेणारी चांगली नियतकालिकंही आहेत. आणि यादीत होतं म्हणून चांगलं, हे तर कधीच खरं नव्हतं. केअरच्या आधीच्या यादीतून मे २०१८ मध्ये एका फटक्यात ४,३०५ नियतकालिकं काढावी लागली. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात निघालं की विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत शिरलेल्या नियतकालिकांपैकी जी तपासली, त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत. शिफारस करणारे आपणच होतो, हे सोडून देऊ.

आधी झटपटवाल्यांचं कौतुक. माझा पेपर तालुक्यातल्या ४२ विहिरींवर होता. मे आणि ऑक्टोबरमध्ये टेप सोडून पाण्याची खोली मोजली होती. सोमवारी पाठवला, शनिवारी छापून आला. मेलला तासाभरात उत्तर, फोन उचलतात, नम्रपणे बोलतात. फी अडीच हजार. ज्याची प्लेसमेंट एका पेपरसाठी अडलीय त्याला नीतिमत्तेचं व्याख्यान देणं सोपं असतं. ते मी देणार नाही. रिव्ह्यूअरचा, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल मात्र दोन ओळींचा होता: संशोधन उत्तम आहे, प्रकाशित करावे. फॉर्ममध्ये प्रत्येक जादा लेखकामागे प्रमाणपत्राचे तीनशे रुपये असा रकाना होता. तो पाहून एक सहकारी म्हणाले, 'माझंही नाव टाका की, तीनशे मी देतो.' विहीर त्यांनी एकही पाहिली नव्हती. त्यांना नाही म्हणताना मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण मागणी दरपत्रकाप्रमाणेच होती.

संस्थेच्या नियतकालिकाचा वैताग वेगळा. तिथे मी पुढच्या दोन वर्षांच्या मोजणीवरचा पेपर पाठवला. चार महिने पोचही नाही. एकदा पाठवला की निकाल लागेपर्यंत दुसरीकडे पाठवता येत नाही, त्यामुळे हात बांधलेले. मग दोन रिव्ह्यूअरांचे शेरे आले. पहिल्याने इंग्रजी सुधारा म्हटलं. दुसऱ्याचा स्वर असा की मी त्याचे पैसे बुडवलेत. पण त्याने विचारलं होतं, 'ज्या विहिरींच्या शेजारी बोअर आहे त्या वेगळ्या काढल्या का?' मी काढल्या नव्हत्या. मोटारसायकल काढली, पुन्हा शिवारं फिरलो. अकरा विहिरींच्या हाकेच्या अंतरावर बोअर निघाले. त्या वेगळ्या मांडल्यावर तक्ताच बदलला. कोणी काय काम केलं हे प्रत्येक लेखकाच्या नावापुढे लिहून द्यावं लागलं. सगळं मिळून चौदा महिने.

एवढ्यावर मी काही ठरवलं नसतं. वेग इकडे, खोली तिकडे, ज्याची जशी गरज. ठरलं ते एका चुकीवरून, आणि चूक माझीच होती.

झटपट पेपर छापून महिनाभर झाला असेल. एस.वाय.च्या वर्गात तो दाखवत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, पाऊस झाल्यावर पाणी आणखी खोल कसं गेलं?' मी तक्ता पाहिला. मे आणि ऑक्टोबर हे दोन मथळे उलटे पडले होते. ४२ च्या ४२ विहिरी दिवाळीत आटत होत्या आणि उन्हाळ्यात भरत होत्या. मी चार वेळा वाचला होता, सहलेखकाने वाचला होता, रिव्ह्यूअरने उत्तम म्हटलं होतं. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर दहा टक्क्यांच्या आत दाखवत होतं. ते उसनवारी पाहतं, विहिरी पाहत नाही.

मेल केला. दोन तासांत उत्तर: दुरुस्त फाइल पाठवा, पाचशे रुपये भरा. संध्याकाळी नवी पीडीएफ चढली. तोच खंड, तोच अंक, तीच पानं, तीच तारीख. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. दुरुस्तीची नोंद कुठेच नव्हती, आणि तेव्हा मला तेही बरंच वाटलं.

ते अंगाशी आलं संस्थेच्या नियतकालिकाकडे. नव्या पेपरात जुन्याचा संदर्भ देणं भाग होतं. त्या खडूस रिव्ह्यूअरने जुना पेपर कधीतरी उतरवून ठेवला असावा. त्याने लिहिलं: लेखकाच्या आधीच्या तक्त्यातले आकडे इथे नेमके उलटे आहेत, खुलासा करावा. मी नवी पीडीएफ जोडली. त्यावर पुढचा प्रश्न: दोन्ही प्रतींवर तारीख एकच आहे, मग मूळ कोणती? माझ्याकडे उत्तर होतं, पुरावा नव्हता. झटपटवाल्यांना लिहिलं की अमुक तारखेला दुरुस्ती केली एवढी एक ओळ पानावर टाका. ते म्हणाले, तशी पद्धत नाही, हवं तर नवीन प्रमाणपत्र देतो. शेवटी शेतातल्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. मे महिन्याच्या एका पानावर घामाने शाई पसरलेली आहे. त्यावर भागलं. पण ते दोन आठवडे मी आकडे फिरवणारा माणूस ठरलो होतो, आणि समोरच्याने तसं धरलं यात त्याची काही चूक नव्हती.

पीएच.डी.च्या मुलांना दोन क्रेडिटांचा प्रकाशन-नीतीचा कोर्स असतो. त्यात 'कोप' या संस्थेचं नाव येतं. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही संपादकांनी ती सुरू केली. छापलेल्यात बदल केला तर तो उघड सांगा आणि मूळ लेखाला जोडा, हा तिथला साधा संकेत. परीक्षेपुरता मीही तो शिकवत होतो.

पुढे संस्थेच्या नियतकालिकातल्या पेपरातही चूक सापडली. नकाशात एका वाडीचं नाव ओढ्याच्या भलत्याच काठावर पडलं होतं. संपादकांनी विचारलं, निष्कर्ष बदलतात का? नाही म्हटल्यावर तीन ओळींचं पत्र मागवलं आणि पुढच्या अंकात माझ्या नावानिशी शुद्धिपत्र छापलं. नेटवर दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत. आपलं नाव शुद्धिपत्रात वाचणं काही सुखाचं नसतं. प्राचार्यांनीही विचारलं, 'हे काय?' पण आता मला कोणी विचारलं तर बोट ठेवायला एक पान आहे.

म्हणून माझा कल कुठे आहे ते दिसतंच. तरी मॅडमची निकड माझी नाही. नोव्हेंबर २०२२ पासून पीएच.डी.साठी यूजीसीने पेपरची सक्ती काढली, प्लेसमेंटवाल्यांना तशी सवलत नाही, आणि चौदा महिने सगळ्यांनाच परवडत नाहीत. मी त्यांना एवढंच सुचवलं की दोन्हीकडे एकच मेल टाका: छापल्यावर चूक सापडली तर तुम्ही काय करता?

झटपटवाल्यांचं उत्तर चहा संपायच्या आत आलं. दर आणि खाते क्रमांक. संस्थेचं अजून यायचंय. मॅडम थांबल्यात.