लेआउटमधे रस्ते आरपार ठेवायचे की बंद गल्ल्या करायच्या? दोन्ही ड्रॉइंग शेजारी ठेवून बघूया

जमिनीचे प्लॉट पाडायचे ठरलं की साधारण दोन प्रकारची ड्रॉइंग समोर येतात. एकात रस्ते उभेआडवे, सगळे एकमेकांना मिळालेले आणि मधे चौकोनी ब्लॉक. दुसऱ्यात बाहेरून एकच रस्ता आत येतो, त्याला फांद्यांसारख्या गल्ल्या फुटतात आणि प्रत्येक गल्ली शेवटी मोठा गोल होऊन संपते. कागदावर दुसरं ड्रॉइंग नेहमी जास्त देखणं दिसतं, वळणदार रस्ते, भरपूर हिरवा रंग, आणि ज्याला निर्णय घ्यायचाय तो माणूस तिथेच अर्धा पाघळतो. मी बरीच वर्षं अशी ड्रॉइंग बघतोय त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो, आरपार रस्ते घ्या आणि ब्लॉक छोटे ठेवा. बंद गल्ली फक्त तिथेच करा जिथे डोंगर, ओढा किंवा रेल्वे लाइन आडवी येते. आता हे का, ते एकेक करून बघू, कारण बंद गल्लीचे फायदे खोटे नाहीयेत आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय कुणी माझं ऐकावं असं मला वाटत नाही.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की प्लॉट किती बसतात. आरपार रस्ते म्हणजे जागा वाया, असं सर्रास बोललं जातं. तर एक हिशोब करून बघा. समजा प्लॉट १२ मीटर रुंद आणि ३० मीटर खोल आहेत, पाठीला पाठ लावून दोन रांगा, म्हणजे ब्लॉकची खोली ६० मीटर. ब्लॉक २४० मीटर लांब ठेवला तर दोन्ही बाजूंनी वीस वीस, एकूण ४० प्लॉट. आता याच ब्लॉकच्या मधून ९ मीटरचा आडवा रस्ता काढला तर जागा गेली ५४० चौरस मीटर, म्हणजे दीड प्लॉट. प्रत्यक्षात ४० चे ३८ होतात आणि उरलेली थोडी रुंदी कॉर्नरच्या प्लॉटना मिळते. दोन प्लॉट गेले, हे खरं आहे.

पण हाच हिशोब बंद गल्लीचा कुणी करत नाही! गल्लीच्या टोकाला फायर ब्रिगेडची गाडी वळली पाहिजे, आणि त्यासाठी अमेरिकेतला आंतरराष्ट्रीय फायर कोड म्हणून जो नियमसंच बऱ्याच शहरांनी घेतलाय त्याच्या परिशिष्टात ९६ फूट व्यासाचा गोल दिलेला आहे. ९६ फुटांचा गोल म्हणजे साधारण ६७० चौरस मीटर डांबर. जवळपास दोन प्लॉट, एका गल्लीमागे एक गोल, आणि त्या गोलाच्या कडेचे प्लॉट पाचरीसारखे होतात, पुढे अरुंद मागे रुंद, म्हणजे गेट आणि गाडी आत घ्यायला जागा उरली की बाकी दर्शनी बाजूला काही राहत नाही. आडवा रस्ता काढला असता तर यापेक्षा कमी जागेत काम झालं असतं आणि रस्ता कुठेतरी पोचला असता. एक गोष्ट मात्र बंद गल्लीच्या बाजूने आहे, पूर्ण लेआउटची बेरीज केली तर रस्त्यांची एकूण लांबी बऱ्याचदा कमी भरते, त्यामुळे सुरुवातीचा डांबर, गटार आणि कर्बचा (रस्त्याच्या कडेची उभी धार) खर्च कमी येतो. हे मान्य.

आता चालण्याचं बघू, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे आहे आणि ड्रॉइंगमधे तो दिसतच नाही. वरचा २४० मीटरचा ब्लॉक घ्या. मधोमध राहणाऱ्याला बरोबर मागच्या घरी जायचंय. भिंतीला भिंत आहे पण रस्त्याने १२० मीटर, मग ६० मीटर, मग परत १२० मीटर, असे ३०० मीटर. मधून आडवा रस्ता असला तर जास्तीत जास्त चाल १८० च्या आत येते. आणि बंद गल्ल्या असल्या तर? समजा दोन समांतर गल्ल्या १८० मीटर लांबीच्या आहेत, दोन घरांची मागची भिंत एकच आहे, पण दोन्ही घरं आपापल्या गल्लीच्या टोकाला. एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत चारशे मीटरच्या वर चाल होते. मी एका अशाच वसाहतीत बघितलंय, मागच्या भिंतीला पायाने घासून घासून दोन खाचा पडल्या होत्या आणि भिंतीच्या वर एका ठिकाणी विटांचा गुळगुळीत भाग होता, शाळेतली पोरं रोज तिथून चढून पलीकडे जायची. रस्ता आखणाऱ्याने जो रस्ता दिला नाही तो पोरांनी भिंतीवरून काढला. ती भिंत मी अजून विसरलो नाही.

म्हणून नियमांमधे ब्लॉकच्या लांबीला मर्यादा असते. अमेरिकेतल्या जुन्या नियमांमधे १२००-१३०० फुटांचा ब्लॉक चालून जायचा, नव्या नियमांत बऱ्याच ठिकाणी ४०० ते ६०० फूट दिसतो. पोर्टलंडच्या महानगर क्षेत्राच्या नियमात आरपार रस्ते ५३० फुटांपेक्षा लांब अंतरावर नकोत आणि पायवाटा ३३० फुटांपेक्षा लांब नकोत असं आहे. पोर्टलंड शहराच्या मध्यभागी तर ब्लॉक फक्त २०० फुटांचे आहेत. याच्या उलट सॉल्ट लेक सिटी, १८४७ मधे आखलेलं, ६६० फुटांचे ब्लॉक आणि १३२ फुटांचे रस्ते. रस्त्यांसकट धरलं तर सॉल्ट लेकच्या एका ब्लॉकमधे पोर्टलंडचे नऊ बसतात! दोन्ही शहरं चौकटीचीच, म्हणजे ग्रिडची आहेत, पण चालायचा अनुभव पूर्ण वेगळा. म्हणजे नुसतं ग्रिड आहे म्हणून खूश होऊ नका, ब्लॉक किती मोठा ते आधी मोजा.

आणि इथेच एक मधला मार्ग आहे जो फार कमी लोक वापरतात. गाडीचा आरपार रस्ता द्यायचाच नसेल तर ३ मीटरची पायवाट द्या. ६० मीटर खोलीच्या ब्लॉकमधून ३ मीटरची वाट म्हणजे १८० चौरस मीटर, अर्धा प्लॉट. अर्ध्या प्लॉटमधे चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा प्रश्न सुटतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधली रॅडबर्न ही वसाहत १९२९ मधे क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नियोजकांनी आखली तेव्हा बंद गल्ल्या होत्याच, पण घरांच्या दुसऱ्या बाजूला पायवाटा होत्या, त्या बागेत जायच्या आणि मोठ्या रस्त्याखालून भुयारी वाट होती. नंतर जगभर ज्यांनी याची नक्कल केली त्यांनी बऱ्याचदा गल्ल्या तेवढ्या उचलल्या आणि वाटा टाकून दिल्या, म्हणजे औषधाची बाटली घेतली आणि औषध सांडून दिलं.

आग आणि ॲम्ब्युलन्सचा मुद्दा वेगळा घ्यावा लागेल. बंद गल्लीत जायला यायला एकच तोंड. तिथे झाड पडलं, पाइप फुटून खड्डा झाला, की आतल्या सगळ्यांचा रस्ता बंद. वर सांगितलेल्या कोडमधे गाडीसाठी २० फूट मोकळी रुंदी लागते, १५० फुटांपेक्षा लांब बंद रस्त्याला गाडी वळवायची सोय लागते, आणि परिशिष्टात ३० पेक्षा जास्त घरं असतील तर साधारणपणे दुसरं तोंड मागितलंय. तुम्ही जिथे लेआउट करताय तिथला आकडा वेगळा असेल, पण प्रश्न हेच विचारायचे, मोकळी रुंदी किती, वळायला जागा किती आणि दुसरं तोंड कुठे. आणि २० फूट मोकळे म्हणजे गाड्या पार्क केल्यावर उरलेले, हे विसरू नका. कचऱ्याच्या गाडीचंही तेच, गोलात चार गाड्या उभ्या राहिल्या की ती गाडी पूर्ण गल्ली रिव्हर्समधे बाहेर येते, आणि रिव्हर्समधे येणाऱ्या मोठ्या गाडीच्या मागे लहान मूल असणं याच्यासारखी भीती नाही.

पाण्याची लाइन तर कुणाच्या लक्षातच येत नाही. बंद गल्लीत पाइपही बंद टोकाचा होतो, टोकाला पाणी साचून राहतं, क्लोरीन उडतं, गाळ बसतो आणि मग पाइप अधूनमधून धुवून काढावा लागतो. आरपार रस्त्यात लाइन फिरून परत जोडता येते, पाणी दोन्हीकडून येतं, एका ठिकाणी दुरुस्ती निघाली तरी सगळ्यांचा नळ बंद होत नाही.

आता बंद गल्लीची खरी ताकद. शांतता. तिथून बाहेरची गाडी जात नाही कारण जायला जागाच नाही, पोरं रस्त्यावर खेळतात, शेजारी एकमेकांना ओळखतात, आणि लोक अशा प्लॉटला जास्त पैसे द्यायला तयार असतात. सरळ लांब चौकटीत उलट होतं, मुख्य रस्ता तुंबला की लोक आतून शॉर्टकट काढतात आणि सरळ रस्ता दिसला की पाय ॲक्सिलरेटरवर जातो. शिवाय चार रस्त्यांच्या चौकात गाड्या एकमेकींना आडव्या येण्याच्या ३२ जागा मोजतात, तीन तोंडाच्या टी जंक्शनला फक्त ९. हा फरक खूप मोठा आहे आणि ग्रिडची बाजू घेणाऱ्यांनी तो लपवू नये.

पण यावर उपाय ग्रिडच्या आतच आहे. आतल्या रस्त्यांना जिथे जमेल तिथे टी जंक्शन द्या, म्हणजे शॉर्टकट सरळ निघत नाही पण चालणारा माणूस पोचतो. फक्त दोन टी अगदी जवळजवळ नकोत, बऱ्याच नियमांत त्यांच्यात १०० ते १५० फूट अंतर मागतात नाहीतर वळणाऱ्या गाड्या एकमेकींत अडकतात. रस्ते काटकोनाच्या जवळपास मिळवा. आणि कोपऱ्याची गोलाई बघा, हे ड्रॉइंगमधे झूम करून बघायची गोष्ट आहे. ६ मीटरच्या रस्त्याला कोपऱ्यात ९ मीटर त्रिज्या दिली तर फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेच्या रेषेत सरळ चालत ओलांडणाऱ्याला २४ मीटर डांबर ओलांडावं लागतं, ३ मीटर त्रिज्या दिली तर १२. त्रिज्या मोठी असली की गाडीपण वेग न कमी करता वळते. म्हातारी बाई काठी टेकत तो कोपरा ओलांडतेय असं डोळ्यासमोर आणा आणि मग तिथला आकडा ठरवा.

मला सगळ्यात पटणारा मुद्दा मात्र वेगळाच आहे. ग्रिड नंतर बंद करता येते, बंद गल्ली नंतर उघडता येत नाही. बार्सिलोनाचा एशाम्पला भाग इल्दफॉन्स सेर्दाच्या १८५९ च्या प्लॅनमधला, ब्लॉक साधारण ११३ मीटरचे, कोपरे कापलेले. तिथे आता तीन बाय तीन ब्लॉक एकत्र घेऊन आतली आरपार जाणारी वाहतूक बंद करायची अशी सुपरब्लॉकची कल्पना पुढे आली, आणि २०१६ मधे शेजारच्याच पोब्लेनोऊ भागात, त्याच चौकटीवर, असा एक सुपरब्लॉक सुरू झाला. त्याला काय लागलं तर कुंड्या, बाक, पाट्या आणि रंग. उलटं करायचं म्हटलं, म्हणजे दोन बंद गल्ल्या जोडायच्या, तर कुणाचं तरी घर किंवा आवार घ्यावं लागतं. घरं पाडून नवी होतात, दुकानं बदलतात, रस्त्याची आखणी शंभर शंभर वर्षं तशीच राहते.

दोन्ही ड्रॉइंग पटकन तोलायची तर एक साधी मोजणी आहे. रस्त्याचे तुकडे मोजा (एका जंक्शनपासून पुढच्या जंक्शनपर्यंत किंवा बंद टोकापर्यंत एक तुकडा, बाहेर जाणारं प्रत्येक तोंड हाही एक), लेआउटच्या आतली जंक्शन आणि बंद टोकं मिळून किती ते मोजा, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. एका मुख्य रस्त्याला चार बंद गल्ल्या आणि बाहेर जायला एकच तोंड असेल तर ८ भागिले ८, उत्तर १. तीन बाय तीन जंक्शनची छोटी ग्रिड आणि बाहेर चार तोंडं असतील तर १६ भागिले ९, जवळपास १.८. ज्या गावांनी हा नियम केलाय तिथे साधारण १.४ च्या आसपास मागणी दिसते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २००९ मधे नियम आणला की नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्यांशी जोडलेले नसतील तर राज्य त्यांची देखभाल घेणार नाही. मला हे योग्य वाटतं, कारण तुटक रस्त्याचा बोजा शेवटी बाहेरच्या एकाच मोठ्या रस्त्यावर पडतो आणि तो रस्ता सगळ्यांच्या पैशाने रुंद करावा लागतो.

तर कुणी काय घ्यावं? जमीन सपाट असेल आणि शेजारी पुढेमागे वस्ती होणार असेल तर छोट्या ब्लॉकची ग्रिड, आत टी जंक्शन, अरुंद रस्ते. चढउताराची जमीन असेल तर चौकट रेटू नका, उताराच्या आडवे जाणारे वाकडे रस्ते घ्या, ब्लॉक वेडेवाकडे झाले तरी चालतील पण जोडलेले ठेवा. जमीन लांबुळकी, अरुंद आणि तीन बाजूंनी पाण्याने किंवा कड्याने अडलेली असेल तर बंद गल्ली घ्या, छोटी ठेवा, आणि टोकाला पायवाट काढा.

आणि शेजारच्या रिकाम्या जमिनीकडे रस्ता सोडणार असाल तर तो पार हद्दीपर्यंत न्या. शेवटी एक फुटाची पट्टी स्वतःच्या नावावर ठेवायची आणि पुढच्याने जोड मागितली की अडवायचं, हा प्रकार जुना आहे आणि म्हणूनच बऱ्याच नियमांमधे अशा पट्टीला थेट मनाई असते. मी एका लेआउटमधे बघितलंय, रस्ता हद्दीपर्यंत नेला होता पण तिथे काही लिहिलं नव्हतं, दहाबारा वर्षांत लोकांनी तिथे झाडं लावली, बाक टाकला, पोरांचं क्रिकेटचं पिच झालं, आणि पलीकडे वसाहत आली तेव्हा अख्खी गल्ली भांडायला उभी राहिली. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून पहिला प्लॉट विकायच्या आधी त्या टोकाला लोखंडी पाटी लावा, रस्ता पुढे जोडला जाणार आहे, एवढंच लिहा, आणि प्रत्येक खरेदीच्या कागदावर पण तेच वाक्य येऊ द्या.