टेली-मानस १४४१६ : बाळंतिणीच्या घरासाठी कितपत कामाची?

ठाण्यात घोडबंदर रोडवर मालिशवाली बाई मिळते, डिंकाचे लाडू घरपोच येतात; बाळंतिणीच्या मनाची विचारपूस मात्र कुणी करत नाही. तिथे टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन उपयोगी पडते. मोफत, २४ तास, मराठीतही. म्हणजे पहाटे तीनला दूध पाजतानाही फोन करता येतो.

आधी एडिंबरा प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची चाचणी) भरून ठेवा: १० प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, कमाल ३० गुण. १३ किंवा जास्त आले तर तपासणी हवीच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर बेरीज करत बसू नका, लगेच फोन लावा. सासूबाई शेजारी असताना भरली की सगळं ‘छान’च येतं, म्हणून दार लावून भरा.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं आईचं रडू दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे रेंगाळलं, बाळ झोपूनही आईचा डोळा लागेना, तर थांबू नका. बाबालाही असं नैराश्य येतं; नंबर त्याच्याही मोबाइलमध्ये हवा.

फोनवर प्रत्यक्ष तपासणी होत नाही, ही मर्यादा. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे (नावाला बिचकू नका). अंगावर पाजत असल्याचं तिथे आवर्जून सांगा, गोळ्या त्यानुसार ठरतात. भास, भलते संशय, असंबद्ध बोलणं दिसलं तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी थेट इस्पितळ गाठा.