बदली आलीये: सगळं घर एकदम हलवायचं की नवरा आधी आणि आपण मागून?

बदलीचं पत्र आलं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात एकच विषय, सगळ्यांनी एकदम जायचं की याने पुढे जायचं आणि आपण शाळा संपल्यावर. सल्ले द्यायला तर रांग लागते, आत्याबाई, शेजारच्या काकू, सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे ज्यांनी आयुष्यात नाशिकमधल्या नाशिकमधे, सिडको ते इंदिरानगर याच्यापलीकडे बिऱ्हाड हलवलेलं नाही ते सगळे. मी दोन्ही प्रकार करून बसलेय म्हणून लिहितेय. 2016 ला नाशिकहून चेन्नईला, सगळे एकदम, मुलगी तेव्हा तीन वर्षांची. 2019 ला परत नाशिक. आणि 2023 च्या ऑक्टोबरमधे पत्र, 1 नोव्हेंबरला मानेसरच्या प्लांटला हजर व्हा, म्हणजे राहायला गुरगाव, मुलगी पाचवीत, सोबत सासूबाई. या वेळी नवरा आधी गेला, आम्ही एप्रिलमधे.

माझा कल आधीच सांगून टाकते, बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं पुरे. मूल शाळेत नसेल किंवा पहिली-दुसरीपर्यंत असेल तर एकदम जा, उगाच ताणू नका. त्यापुढे असेल तर दोन टप्प्यांत जा, पण सहा महिन्यांच्या आत, आणि जायची तारीख तो निघायच्या आधी ठरवून. "बघू, परीक्षेनंतर" ही तारीख नाही.

पैशापासून सुरू करते कारण सगळे तिथेच चुकतात. "दोन घरं चालवायची म्हणजे किती खर्च गं" हे मला किमान दहा जणांनी ऐकवलं, आणि मीही तेच धरून चालले होते, मग एका रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. नाशिकचं भाडं 14 हजार, त्याचं जेवणासकट पीजी 15 हजार, महिन्यातून एकदा घरी येऊन-जाऊन 6 हजार, झाले 35 हजार. आणि सगळे एकदम गेलो असतो तर गुरगावच्या ज्या टू बीएचकेंची भाडी आम्ही विचारली ती 32 हजाराच्या आसपास, वर मेंटेनन्स 4 हजार, म्हणजे 36. सारखंच! स्वतःच्या फ्लॅटमधे राहत असाल तर दोन टप्पे उलट स्वस्त पडतात. हे गणित फक्त महागड्या शहरात जाताना असं येतं हं, जिथे चाललात तिथली भाडी तुमच्याइतकीच असतील तर दोन चुली महागच पडणार.

खरा खड्डा आहे तो शाळेत. नोव्हेंबरमधे वर्षाच्या मधे अ‍ॅडमिशन घेतली की प्रवेश फी, वार्षिक शुल्क, युनिफॉर्म, पुस्तकं, हे सगळं चार-पाच महिन्यांसाठी भरायचं आणि एप्रिल उजाडला की पुढच्या इयत्तेचं वार्षिक शुल्क आणि पुस्तकं परत. हा आकडा कोणी हिशोबात धरतच नाही. दुसरं, कंपनी सामान हलवायचा खर्च देत असेल तर बिलं किती दिवसांत टाकायची ते पहिल्या दिवशी विचारा. आमच्याकडे तीन महिन्यांची मुदत होती, म्हणजे दोन टप्प्यांत जाताना सगळा खर्च अंगावर आला असता. एचआरला ईमेल टाकून सहा महिने वाढवून घेतले, लेखी, तोंडी हो-ला काही अर्थ नसतो.

डिपॉझिट हा एकदम जाण्यातला फटका. चेन्नईत तेव्हा दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स मागायची पद्धत होती, दहा! नाशिकचं डिपॉझिट अजून घरमालकाकडे अडकलेलं आणि तिकडे हे भरायचं, शेवटी एफडी मोडली. गुरगावला आम्हाला दोन महिन्यांचं मागितलं, आणि तोपर्यंत आमच्याकडे जमवायला पाच महिने होते.

आता शाळा. मुलगी तीन वर्षांची असताना चेन्नईला नेली तर तिला काही फरकच पडला नाही, दोन महिन्यांत शेजारच्या पोरांबरोबर तमिळ बोलायला लागली, पहिला शब्द शिकली "वेंडाम", म्हणजे नको, आणि मग दूध वेंडाम, पोळी वेंडाम, अंघोळ वेंडाम. मी मात्र वर्षभर भाजीवालीशी हातवारे करत होते. लहान मुलासाठी थांबायची गरज नाही म्हणते ते यामुळेच.

पाचवीतल्या मुलीचं वेगळं असतं, तिला मैत्रिणी असतात, स्नेहसंमेलनात नाच असतो, आणि तिचं स्वतःचं मत असतं. पण "वर्ष पूर्ण करून जाऊ" हे म्हणायला सोपं आहे. आपला स्टेट बोर्डाचा अभ्यासक्रम जूनमधे सुरू होतो, वार्षिक परीक्षा एप्रिलमधे, निकाल महाराष्ट्र दिनाच्या आसपास. आणि हरियाणातल्या सीबीएसई शाळा 1 एप्रिलला नवीन वर्ष सुरू करतात. म्हणजे इकडे तुमचा पाचवीचा गणिताचा पेपर बाकी आणि तिकडे सहावीचा पहिला धडा झालेला. हे मला जानेवारीपर्यंत लक्षातच आलं नव्हतं, तोपर्यंत मी एक मेच्या पुढची तिकिटं बघत बसले होते. मग नवऱ्याने तिकडच्या शाळेत जाऊन कच्चा प्रवेश घेतला, दाखला नंतर देऊ असं लिहून दिलं, परीक्षा संपली त्याच आठवड्यात आम्ही निघालो, आणि निकाल नि दाखला घ्यायला तो मे महिन्यात एक चक्कर मारून गेला. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यायला विसरू नका, स्टेट बोर्डातून राज्याबाहेर जाताना ती मागतात, आणि ती हजार किलोमीटरवरून आणायची म्हणजे काय ते मी सांगायला नको. तिचं पहिल्या तीन आठवड्यांचं बुडलं ते जूनच्या सुट्टीत भरून काढलं, तिकडे उन्हाळ्याची सुट्टी जूनमधे असते. मूल आधीच सीबीएसईत असेल तर यातलं निम्मं वाचतं.

आणि हिंदीचं मला वाटलं काय, लिपी तर तीच आहे. पहिल्याच निबंधात "दही खट्टी थी" आणि "काळा कुत्ता", ळ सकट. बाईंनी ळ भोवती लाल गोल काढून पुढे प्रश्नचिन्ह.

एका गोष्टीत मात्र थांबलो ते फार बरं झालं. त्या नोव्हेंबरमधे तिकडे धुरकं एवढं होतं की लहान वर्गांच्या शाळाच काही दिवस बंद ठेवल्या होत्या, पाचवीपर्यंतच्या, म्हणजे आमची अगदी त्यातच. नवीन शहर, नवीन शाळा, आणि पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपसमोर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे दिल्लीकडे जायचं असेल आणि घरात दमा असेल तर हे एकच कारण थांबायला पुरेसं आहे. एप्रिलमधे गेलात तर ऊन आहेच म्हणा, नाशिकच्या माणसाला मे महिन्यातली ती लू म्हणजे भट्टीचं दार उघडल्यासारखी, पण उन्हाळ्यावर कूलर तरी असतो.

आता जे कोणी सांगत नाही ते. दोन टप्प्यांत जाताना जो मागे राहतो त्याच्या डोक्यावर सगळं येतं. मागे मीच होते. हा तिकडे पीजीत राजमा-चावल खाऊन रविवारी अकरापर्यंत झोपत होता (हे तो वाचणार आहे, वाचू दे) आणि इकडे मी, नोकरी, मुलीचा अभ्यास, आईंची बीपीची गोळी, गॅस सरेंडर, वीजबिलाचं, घरमालकाला नोटीस, सोसायटीची एनओसी, जुनी कपाटं विकायची. कपाट बघायला येणारे लोक हा एक वेगळाच प्रकार आहे, तीन-तीनदा येतात, दार उघडबंद करतात, चहा पिऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी मेसेज, "मॅडम लास्ट प्राइस". एकदम जाताना हेच सगळं दहा-पंधरा दिवसांत होतं, रडारड होते, भांडणं होतात, पण दोघं असता. चेन्नईच्या वेळी आम्ही रात्री दोनला वर्तमानपत्रात कप गुंडाळत होतो, आणि खरं सांगू का, ती आठवण छान आहे.

म्हणून ती तारीख. पहिल्यांदा आम्ही ठरवलीच नव्हती, आणि डिसेंबरमधे फोनवर सूर लागला की "जून बघू का, हिला सुट्टी पण मिळेल", मग "दिवाळीपर्यंत आईंचं डोळ्याचं ऑपरेशन उरकून घेऊ का". असं करत करत दोन-दोन वर्षं वेगळी राहिलेली घरं मी बघितलीयेत. जानेवारीत तो आला तेव्हा कॅलेंडरचं पान फाडून मागे मोठ्या अक्षरात "20 एप्रिल" लिहिलं आणि फ्रीजवर मॅग्नेटने लावलं. नाशिकरोडहून राजधानीची तिकिटं त्या तारखेची काढून टाकली, संध्याकाळी बसलं की सकाळी दहाच्या सुमारास निजामुद्दीन. मग गॅस, दाखला, ट्रक, सगळं त्या तारखेच्या मागे मोजत गेलं.

गॅसचं एक वाक्यात, गाव बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे, डिपॉझिट परत मिळतं आणि ट्रान्स्फर व्हाउचर देतात, ते तिकडच्या एजन्सीला दाखवायचं आणि आजच्या दराने डिपॉझिट भरायचं. सिलिंडर ट्रकमधे टाकायचा विचार पण करू नका. मधल्या आठवड्यासाठी इंडक्शन.

सामानात दोन टप्पे सरळ जिंकतात. चेन्नईला घर न बघता अख्खं बिऱ्हाड 17 फुटी ट्रकमधे भरलं, पाच दिवसांत पोचलं, आणि तिथे बघतो तर गोदरेजचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं, गीझर नेला तो तीन वर्षं माळ्यावर पडून. शिवाय चार दिवसांत घाईने ठरवलेले पॅकर्स, त्यांच्या माणसांनी ट्रक दारात उभा करून तिसऱ्या मजल्याचे चार हजार वेगळे मागितले, द्यावेच लागले, काय करणार, आपली गादी त्यांच्या ताब्यात. गुरगावच्या वेळी नवऱ्याने फ्लॅट घेऊन, टेप लावून, प्रत्येक भिंतीचं माप आणि लिफ्टचा फोटो पाठवला. बेडरूममधे भिंतीतली कपाटं होती, म्हणून आमची तीन विकली, आणि 14 फुटी ट्रकमधे भागलं. घरी बोलावून तिघांना सामान दाखवलं, फोनवर यादी सांगून आलेला भाव हा भाव नसतोच. पॅकिंग ते अनलोडिंग एकत्र असेल तर 18 टक्के जीएसटी वर लागतो, तो बोलताना कोणी सांगत नाही. आणि "इन्शुरन्स" म्हणून टक्केवारी लावतात तेव्हा विचारा की पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आहे आणि माझ्या नावाचा कागद मिळेल का, निम्म्या जणांचा आवाज तिथेच बारीक होतो.

गाडीचं, एमएच-15 ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर तिकडे परत नोंदणी लागते, इकडच्या आरटीओची एनओसी आधी. जुनी डिझेल असेल तर दिल्ली-एनसीआरमधे नेऊच नका, इकडेच विका.

राहिल्या सासूबाई. चेन्नईला त्या आल्याच नव्हत्या, नाशिकलाच दिरांकडे थांबल्या. या वेळी मला वाटत होतं एकदम नेलं असतं तर बिचकल्या असत्या, आणि ते पाच महिने त्यांना मन तयार करायला मिळाले. त्यांनी ते वेगळ्याच कामाला वापरले. रोज एक डबा भरायचा, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, सांडगे, बिबड्या, आणि त्यावर पट्टी लावून नाव. देव ट्रकमधे द्यायचे नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते राजधानीत मांडीवर आले. आणि पाटा-वरवंटा. तो माझ्या विकायच्या यादीत होता, मी एका संध्याकाळी घरी आले तर यादीत त्याच्यावर काट मारलेली. पॅकिंगच्या दिवशी पॅकर्सचा पोरगा तो दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, "माताजी, पत्थर तो उधर भी मिलता है." आई शांतपणे म्हणाल्या, "मिलता होगा, टाकी लगाया हुआ मिलता है क्या?" त्याला टाकी म्हणजे काय, पाटा छिन्नीने टोचून खरखरीत करतात ते, कळलं नाही, पण त्याने तीन थर बबल रॅप गुंडाळून त्याच्यावर "नाजुक सामान" असं लिहिलं.